डॉक्टरांनी काढलेला झटका

मोहरीएवढा एक लाल ठिपका.

गळ्याला हिरवा रुमाल बांधून भर रस्त्यातून सुसाट धावणारा एक बेकरीवाला. तोंड उघडं, तोंडात कापूस.

एक गुलाबी हिरडी. कुणाच्याही तोंडात नसलेली.

काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला. त्यातून एक थेंबही सांडला नाही. खरी भानगड तिथेच झाली!

मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, आणि चेहऱ्यावर काहीच नाही.

या गोष्टींचा एकमेकींशी काडीइतकाही संबंध नाही, असं तुम्हाला वाटत असेल तर वाईट वाटून घेऊ नका. दातांच्या डॉक्टरांनाही तसंच वाटलं होतं. आणि ते तर शिकलेले आहेत.

*

शनिवारी सकाळी डॉक्टरांनी चहाचा कप बशीत ठेवला, चष्मा नाकावर वर सरकवला आणि बायकोला जाहीर सांगितलं, "झटका म्हणजे काय गं? एक दुखरी दाढ! उद्या दुपारपर्यंत मुळासकट काढून हातावर ठेवतो. तेही न दुखवता!"

बायको इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"अहो, मागच्या आठवड्यात तुम्ही नळाचा वॉशर बदललात."

"मग?"

"काही नाही. बादली अजून तिथंच आहे, एवढंच."

बादलीकडे डॉक्टरांनी दुर्लक्ष केलं. मोठ्या कामाला निघालेला माणूस बादल्यांकडे बघत नसतो.

झटका होता सासऱ्यांच्या मोटरसायकलचा. सासरे घड्याळजी. त्यांच्या दुकानातली भिंतीवरची सगळी घड्याळं एका दमात टोले द्यायची, एकाची मागे पडायची हिंमत नव्हती. डोळ्याला भिंग लावून केसाएवढा स्क्रू फिरवताना त्यांचा हात कधी कापला नाही. आणि अशा माणसाची मोटरसायकल? उचकी लागलेल्या म्हाताऱ्यासारखी! पहिला गिअर टाकून रेस दिली की गाडी आधी जागच्या जागी विचार करायची. जावं का? जावं की नको? आणि मग आतून कुणीतरी चिमटा काढल्यासारखी एकदम उडी मारायची! प्रत्येक वळणावर तोच प्रकार. मागच्या सीटवरून सासूबाईंचा आवाज चढायचा, "अगं बाई गं! मोडली माझी कंबर!" या आरोळीवरूनच गल्लीला कळायचं, घड्याळजी बायकोला घेऊन बाहेर पडले. लग्न झाल्यापासून हे असंच चाललं होतं.

पण काही दिवसांपूर्वी झाडाची कुंडी सरकवताना सासूबाईंची कंबर खरोखरच धरली. पुढे बरी झाली, पण हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं, धक्के नकोत. झालं! सासूबाईंनी सांगून टाकलं, "मी आता त्या गाडीवर बसायची नाही."

घड्याळजी चार दिवस दुकानात गेले, आले, जेवले. पाचव्या दिवशी पाव आणायला म्हणून बेकरीत गेले आणि बेकरीवाल्याला म्हणाले, "गाडी घेतोस का? जिच्यासाठी घेतली तीच बसत नसेल, तर मागची सीट रिकामी घेऊन मी कुठं फिरू?" बेकरीवाल्याचा त्या गाडीवर पहिल्यापासून डोळा. रविवारी संध्याकाळी घेऊन जातो म्हणाला.

डॉक्टरांची बायको त्या गाडीच्या टाकीवर बसून लहानाची मोठी झालेली. बातमी कळली त्या दिवशी ती जेवली नाही. नुसती ताटावर बसून राहिली.

"आई बसली तर बाबा गाडी विकणार नाहीत," ती आता इस्त्रीच्या टेबलावर हात टेकून म्हणाली. "तसं ते म्हणालेत. आईने बसायला हवं, बस्स. पण ती बसायची नाही."

"झटका गेला तर बसतील ना? मग मी तो घालवतो! उद्या मागच्या सीटवर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवीन आणि गाडी बेकरीपर्यंत नेऊन आणीन. थेंब जरी सांडला ना, तरी दवाखान्याची पाटी खाली उतरवीन!"

ही पाटी लक्षात ठेवा.

"बाबांनी कधी कार्बुरेटरला हात लावू दिला नाही," बायको म्हणाली. "चेन शिकवली, प्लग शिकवला, क्लच खोलायला शिकवलं. पण कार्बुरेटर? नाव काढायचं नाही. तिथं एका स्क्रूवर लाल ठिपका आहे, कंपनीचा. तो फोडायचा नाही, म्हणायचे. ठिपका शाबूत म्हणजे स्क्रू जागेवर."

डॉक्टरांचे डोळे चमकले. पेशंट जिथे हात लावू देत नाही, तिथेच दुखणं असतं! हे तर त्यांना पहिल्या वर्षालाच शिकवलं होतं.

*

दवाखाना खाली, घर वर. विकण्याआधी गाडी धुऊन देतो, असं सासऱ्यांना सांगून डॉक्टरांनी ती अंगणात आणून ठेवली होती. शनिवारी दुपारी दवाखाना बंद असतो. पण मदतनीस बाई अवजारं उकळायला आलेल्या होत्या. त्यांनी बघितलं तर पेशंटच्या खुर्चीवर दिवा लावलेला, दिव्याखाली स्वच्छ निळं कापड, आणि कापडावर पेट्रोलने ओथंबलेलं एक लोखंडाचं गाठोडं.

"सर, हे कोण?"

"कार्बुरेटर."

"भूल देऊ?"

बाईंचा स्वभाव असा की हसायच्या नाहीत. बोलून मोकळ्या व्हायच्या.

आधी त्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या, उकळायच्या भांड्याचं बटण बंद केलं आणि मग कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी दातांचा छोटा आरसा आत घातला. डोळे बारीक केले. पितळेचा एक इवलासा तुकडा बाहेर काढला आणि दिव्यासमोर धरला. मधोमध भोक. सुईसुद्धा नाक मुरडेल इतकं बारीक.

"सापडलं!" डॉक्टर जवळजवळ ओरडलेच. "हा जेट. बघा बाई, वाट किती अरुंद! एवढ्याशा भोकातून सगळं पेट्रोल जायचं! मग गाडी गुदमरणार नाही तर काय? तुंबलेला रूट कॅनाल आहे हा, दुसरं काही नाही!"

"पण सर, कंपनीने मुद्दाम बारीक ठेवलं असेल तर?"

"कंपनीला काय कळतं? दात तरी देवाने दिलेत. तेही मी रोज दुरुस्त करतो!"

आणि डॉक्टरांनी आयुष्यभर जे केलं, तेच केलं. रूट कॅनालच्या बारीक कानशी काढल्या, आधी पांढऱ्या मुठीची, मग पिवळी, मग लाल, मग निळी. जेटचं भोक हळुवारपणे, मायेने, तोंडाने "झालं हं, झालंच आता" असं पुटपुटत त्यांनी चांगलं प्रशस्त करून टाकलं. मग एका कडेला त्यांना तो स्क्रू दिसला. लाल ठिपक्याचा.

"कीटण!" ते म्हणाले. दातांवरचं कीटण खरवडायचं आकडेदार हत्यार घेऊन त्यांनी ठिपका एका फटक्यात उडवला. स्क्रू पुरता आवळला, पुरता सैल केला, आणि जिथे बरा वाटला तिथे ठेवला.

कार्बुरेटर संपला. पण हात आता शिवशिवत होते! अंगणात जाऊन त्यांनी सायलेन्सर काढला. त्याच्या आत आवाज दाबणारी जाळीची नळी असते, ती काजळीने काळीकुट्ट. "घशात एवढा कफ घेऊन कोण पळेल?" म्हणत त्यांनी ती उपटून कचऱ्याच्या डब्यात टाकली. आवाज होऊ नये म्हणून तिच्या जागी दातांत ठेवायचे कापसाचे बोळे ठासले. चांगले दोन पुडे. इंजिन आणि सायलेन्सरच्या जोडावर एक फट होती. तिथे त्यांनी कवळीच्या हिरड्या बनवायची गुलाबी पावडर कालवली आणि अंगठ्याने अशी काही थापली, की वरच्या जबड्याने शाबासकी द्यावी.

बाई दारातूनच बघत होत्या.

"सर, सुंदर हिरडी झालीय. दात कधी येतील?"

*

रविवारी सकाळी दवाखाना उघडा ठेवायची डॉक्टरांची रीत नव्हती. पण दारात बेकरीवाला उभा! गाल सुजलेला, हात गालावर. संध्याकाळी गाडी न्यायची म्हणून आनंदाने खारे काजू खाल्ले आणि दाढेत भरलेली जुनी चांदी उडाली.

खरं तर हाच डॉक्टरांचा शत्रू. पण खुर्चीत बसलेला माणूस शत्रू नसतो. डॉक्टरांनी त्याच्या गळ्याला हिरवा रुमाल बांधला, इंजेक्शन दिलं, गालाच्या आत दोन कापसाचे बोळे बसवले.

"तोंड उघडंच ठेवा. बधिर व्हायला जरा वेळ लागेल. मी आलोच!"

कुठे आले? बाहेर, गाडीपाशी! दार उघडंच होतं. गाडी दवाखान्याच्या पायऱ्यांसमोर उभी, सायलेन्सरचं तोंड नेमकं दाराकडे. बायको बाजारात गेलेली. परत येईपर्यंत गाडी मांजरासारखी गुरगुरत असली पाहिजे, असा डॉक्टरांचा बेत.

किक मारली. काही नाही.

परत मारली. काही नाही. फक्त पेट्रोलचा वास असा आला की शेजारची मांजर उठून गेली.

"सर, जास्त झालं वाटतं," खिडकीतून बाई म्हणाल्या.

"काय जास्त?"

"सगळंच."

डॉक्टरांनी दातओठ खाऊन, अंगातली सगळी विद्या पायात उतरवून, शेवटची एक किक मारली.

इथे एक आवाज आहे. तो अक्षरांत बसत नाही. तुमच्या घरातलं सगळ्यात मोठं कपाट जिन्यावरून खाली ढकला, ते तळाशी पोचेल त्याच क्षणी कानाशी कुणालातरी फुगा फोडायला सांगा, आणि मग ते सगळं सायलेन्सरच्या नळीतून ऐका.

चिमण्या उडाल्या. समोरच्या दुकानाचं शटर आपण होऊन खाली आलं. आणि दवाखान्याची पाटी, डॉक्टरांचं नाव आणि पदव्यांसकट, एका खिळ्यावर लोंबली, झुलली आणि धपकन पायरीवर पडली. कुणी उतरवायलासुद्धा लागली नाही!

पण हे तर काहीच नाही. सायलेन्सरमधून एक कापसाचा बोळा सुटला. पेटलेला! धुराची शेपटी काढत तो उघड्या दारातून आत गेला, आणि नेमका खुर्चीच्या पायथ्याशी, बेकरीवाल्याच्या बुटाशेजारी, जाऊन पडला. तिथे तो फुरफुरू लागला.

बेकरीवाल्याने बोळ्याकडे बघितलं.

बोळा ओळखीचा होता. असलेच दोन बोळे आत्ताच त्याच्या तोंडात बसवले होते.

माणूस किती झटकन विचार करू शकतो! तोंडातले बोळे थुंकावेत, हेसुद्धा त्याला सुचलं नाही. कारण तोंड आता त्याचं राहिलंच नव्हतं, बधिर झालं होतं. तो खुर्चीवरून उठला, पायऱ्या न वापरता खाली आला, आणि पळाला! गळ्यात हिरवा रुमाल फडफडतोय, तोंड आ वासलेलं, आणि मागून हातात आरसा घेऊन डॉक्टर!

"थांबा! अहो, थांबा! दाढ राहिली!"

हे वाक्य सबंध रस्त्याने ऐकलं. त्याआधीचा आवाजही ऐकला होता. रस्त्याने दोन्हींची बेरीज केली.

"दात काढायला सुरुंग लावतो म्हणे!"

"तरीच म्हटलं एवढा स्वस्त कसा!"

"माझी उद्याची वेळ आहे हो त्याच्याकडे!"

"मुलांनो, घरात चला!"

*

भेदरलेला माणूस ओळखीच्या दाराकडे धावतो. बेकरीवाला पुढच्या गल्लीत वळला तो थेट घड्याळजींच्या पायरीवर जाऊन कोसळला. घड्याळजी आणि सासूबाई चहा घेत बसले होते.

त्याच्याने बोलवेना. अर्धा जबडा बधिर, उरलेल्यात कापूस. म्हणून त्याने हातांनी सांगायला सुरुवात केली. दोन्ही हात वर नेऊन फाडकन उघडले. स्फोट. बोटं वळवत वर नेली. धूर. मग दवाखान्याच्या दिशेने बोट. मग मान एका बाजूला टाकून डोळे मिटले. हे त्याचं स्वतःचं चाललं होतं, त्याला घेरी आली होती. पण सासूबाईंना ते कसं कळणार?

"माझी पोर!" सासूबाई किंचाळल्या आणि उठल्या.

धक्के नकोत, असं हाडांच्या डॉक्टरांनी बजावलेली ती बाई गल्लीतून अशी पळाली, की घड्याळजी निम्म्या वाटेवर मागे पडले आणि आपल्या डॉक्टरांना तर त्या समोरून येऊन तशाच ओलांडून गेल्या. दवाखान्यापाशी लेक उभी होती, धडधाकट, हातात भाजीची पिशवी. पायरीवर पडलेली पाटी वाचत होती.

सासूबाईंनी तिला दोन्ही दंडांना धरून पुढून बघितलं, मागून बघितलं, आणि मग पाठीत एक धपाटा घातला.

"आई! मी काय केलं?"

"काही नाही केलंस! म्हणून तर!"

तेवढ्यात धापा टाकत घड्याळजी आले. मागून डॉक्टर. त्यांच्या मागून, आपली दाढ आणि आपली गाडी दोन्ही तिथेच आहेत हे आठवल्यामुळे, बेकरीवाला. एव्हाना बोळे त्याने थुंकले होते. सगळे गाडीभोवती गोळा झाले. सायलेन्सर अजून एकेक बोळा ढेकर दिल्यासारखा बाहेर टाकत होता. गुलाबी हिरडी वितळून खाली लोंबत होती आणि तिचा असा काही वास सुटला होता, की जन्मात कुणी जबडा जाळला नसेल तरी ओळखावा.

घड्याळजींनी त्यातलं काहीच बघितलं नाही. ते वाकले. कार्बुरेटरजवळ डोळा नेला. तसेच वाकून राहिले. उठले तेव्हा त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"डॉक्टर, ठिपका कुठंय?"

"कुठला ठिपका, बाबा?"

"लाल."

"ते कीटण ना? खरवडलं मी. स्वच्छ केलं एकदम!"

घड्याळजींची दातखीळ बसली. आणि त्यांच्या मागे सासूबाई मटकन पायरीवर, थेट जावयाच्या पाटीवरच, बसल्या. कमरेत कळ आली असेल, असं सगळ्यांना वाटलं. लेक पाणी आणायला धावली. सासूबाई पाणी प्यायल्या नाहीत. "सगळा खरवडला?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता दुसरीकडे बघू लागल्या.

डॉक्टरांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं की खुर्चीत बसलेल्या माणसाला कसं वाटत असेल. सगळे वरून बघताहेत आणि तुमचं तोंड उघडं.

*

"बाजूला व्हा," बायको म्हणाली.

भाजीची पिशवी तिने डॉक्टरांच्या हातात दिली. बाह्या वर सारल्या. सीटखालच्या पेटीत वडिलांनी कागदात गुंडाळून ठेवलेले जादा जेट होते. ते तिला लहानपणापासून माहीत. डॉक्टरांनी मोठं भोक पाडलेला जेट तिने काढला, उजेडात धरला, त्यातून नवऱ्याकडे बघितलं. नवरा अख्खा दिसला! मग कागदातला नवा जेट तिने जागेवर बसवला.

"जाळी कुठंय सायलेन्सरची?"

"फेकली," डॉक्टर पुटपुटले.

"नाही फेकली," बाई म्हणाल्या आणि कपाटातून कागदात बांधलेली जाळी काढून दिली. "सरांनी टाकलेलं मी आठवडाभर ठेवते. अनुभव आहे."

गुलाबी हिरडी मात्र कुणाच्याने निघेना. ती थंड होऊन दगड झाली होती. शेवटी डॉक्टर आपलं दाढ कोरायचं यंत्र लांब वायर लावून बाहेर घेऊन आले आणि फुटपाथवर उकिडवे बसून सायलेन्सरच्या जोडावर चालवू लागले. घूंऽऽ घूंऽऽ! रस्ता गोळा झाला. "आता गाडीचे पण दात काढतो!" कुणीतरी म्हणालं. डॉक्टरांनी मान वर केली नाही. मग आत जाऊन त्यांनी बेकरीवाल्याची दाढ भरली, तिथे मात्र त्यांचा हात नेहमीसारखाच हलका पडला. बेकरीवाला उरलेल्या अर्ध्या तोंडाने म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही फक्त माणसंच करत जा."

बायकोने गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात बघून तो स्क्रू कंपनीने सांगितलेल्या जागी आणला. पुस्तकातलं चित्र तिने दोनदा पाहिलं. त्यात लाल ठिपका कुठेच नव्हता. छपाईत राहिला असेल, असं तिला वाटलं.

आणि किक मारली.

गाडी बोलली! आवाज कसा? रवीने लोणी येताना येतो तसा. रेस वाढवली, आवाज वाढला. कमी केली, कमी झाला. उचकी नाही, विचार नाही, उडी नाही. बायकोने मागच्या सीटवर काठोकाठ भरलेला पेला ठेवला, त्याला डॉक्टरांच्या कापसाचा वेढा दिला, आणि बेकरीपर्यंत जाऊन आली.

सगळ्यांनी पेल्यात डोकावलं.

एक थेंब नाही!

"बघा!" डॉक्टरांना एकदम कंठ फुटला. "मी म्हटलं नव्हतं? पेला! थेंब! म्हटलं होतं की नाही?"

"तुम्ही म्हणाला होता," बायको म्हणाली. "तेवढं मात्र तुम्हीच केलंत."

"आई, बसा आता! एकदा बसून बघा. कमरेला कळणारसुद्धा नाही!" डॉक्टर म्हणाले.

सासूबाईंनी घड्याळजींकडे बघितलं. घड्याळजींनी गाडी हातात घेतली. सासूबाई बसल्या. पहिला गिअर. गाडी हवेवर तरंगत असल्यासारखी निघाली, वळणावर वळली, दिसेनाशी झाली. कुठूनही आरोळी आली नाही.

बायकोने ओठ दाताखाली धरला. बेकरीवाला हिरमुसला. आज आपली गाडी गेली, हे त्याला कळलं.

*

ते परत आले.

पुढे घड्याळजी, ताठ. मागे सासूबाई, ताठ. मध्ये वीतभर मोकळी जागा. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

"कशी वाटली?" डॉक्टरांनी विचारलं.

"बरी आहे."

"कंबर?"

"कमरेला काय धाड भरलीय? काही झालं नाही तिला."

"मग?"

"मग काही नाही." सासूबाई उतरल्या. पर्स काखेत मारली.

"काकू, आज तुमचा आवाज आला नाही," बाई म्हणाल्या.

"कशाला येईल? ओरडण्यासारखं काही झालंच नाही."

घड्याळजींनी इंजिन बंद केलं. किल्ली काढली. हातात जरा वेळ धरली आणि बेकरीवाल्यापुढे केली.

"घेऊन जा."

काय?

डॉक्टरांच्या हातातली भाजीची पिशवी पडली! (हो, ती अजून त्यांच्याच हातात होती.) बटाटे पायऱ्यांवरून गडगडत गेले.

"बाबा! अहो बाबा, झटका गेला!"

"हो. गेला."

"आई बसल्या!"

"बसली."

"मग विकताय कशाला?"

घड्याळजी बोटाने टाकीवरची धूळ पुसू लागले. बायको एकदा वडिलांकडे, एकदा आईकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. बेकरीवाल्याला भूल उतरायच्या आधीच स्वर्ग दिसला. त्याने किल्ली घेतली, गाडीला लावली, पाय टाकला, हँडल धरलं.

"थांब रे जरा," सासूबाई म्हणाल्या.

त्या कुणाकडेही बघत नव्हत्या. समोरच्या दुकानाचं शटर बघत होत्या.

"गाडीत काहीतरी कमी आहे. असली गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारणं बरं दिसत नाही."

"काय कमी आहे, आई?" डॉक्टरांनी रडवेल्या आवाजात विचारलं.

"मला काय कळतं मशीनमधलं? यांना विचारा."

घड्याळजी हलले. बेकरीवाल्याला हाताने खाली उतरवलं. वरच्या खिशातून घड्याळाचा चिमुकला स्क्रूड्रायव्हर काढला, डोळ्याला भिंग लावलं, आणि गाडीपाशी उकिडवे बसले. त्यांनी काय फिरवलं हे कुणालाही दिसलं नाही, लेकीशिवाय. मग त्यांनी किक मारली, रेस दिली. गाडी आधी थबकली, गहन विचारात पडली, आणि स्टँडवरच खाडकन उडाली!

"बाबा!" लेक ओरडली. "म्हणजे इतकी वर्षं तो झटका तुम्ही..."

"गप्प बस."

"टाकीवर माझं नाक आपटायचं, बाबा!"

"गप्प बस म्हटलं ना!" घड्याळजींचे कान लाल झाले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "एवढा?"

"एवढा नको," सासूबाई शटरला म्हणाल्या. "कंबर आहे."

स्क्रूड्रायव्हर केसभर मागे फिरला.

"आता?"

"आता असू दे."

घड्याळजी बसले. सासूबाई बसल्या. पर्स मांडीवर, हात पर्सवर. पहिला गिअर. गाडीने विचार केला. जावं का? जावं की नको? आणि उडी मारली!

"अगं बाई गं! मोडली माझी कंबर!"

दोन्ही हात पर्सवरून सुटले आणि नवऱ्याच्या पोटाभोवती गच्च बसले. पर्स कोपराला लोंबकळत, झुलत, वळणावरून दिसेनाशी झाली. पुढच्या वळणावरून पुन्हा एकदा आरोळी ऐकू आली. तिच्यात कळवळ्यासारखं काही नव्हतं.

डॉक्टर उभे होते. त्यांचं तोंड मिटत नव्हतं.

"अगं, पण... झटका परत आला!"

"हो," बायको म्हणाली. ती बटाटे गोळा करत होती आणि हसत होती, आणि डोळे कोपराने पुसत होती.

"म्हणजे गाडी मिळत नाही तर," बेकरीवाला म्हणाला. किल्ली गाडीबरोबरच गेली होती, भांडायलासुद्धा हातात काही नव्हतं. त्याने गळ्यातला हिरवा रुमाल सोडला, नीट घडी केली, डॉक्टरांच्या हातात ठेवली आणि चालू लागला.

"म्हणजे मी कालपासून..." डॉक्टर म्हणाले. "तो जेट, ती जाळी, ती हिरडी... आणि मी काढलं काय?"

"बटाट्यांची वरात," बायको म्हणाली.

बाईंनी पायरीवरची पाटी उचलली. पदराने नाही, डॉक्टरांच्याच कोटाच्या टोकाने पुसली, आणि खिळ्यासमोर धरून उभ्या राहिल्या.

"सर, थेंब तर सांडला नाही. मग पाटी लावायची ना? की ती आपली आपण पडली ते धरायचं?"

लाल ठिपका कंपनीचा नव्हता. लग्नाला जेमतेम महिना झाला होता, घड्याळजी दुपारचे झोपले होते, आणि सासूबाईंनी तो आपल्या नखांच्या रंगाने लावला होता.